दोन बिऱ्हाडं, एक मोटर

आमचं घर विकायचं आहे. दोन बिऱ्हाडांचं घर. खाली आम्ही, वर 'वरचे', मधे स्लॅब. जाहिरातीत हे सगळं दीड ओळीत बसलं. त्या दीड ओळीनं गेले आठ महिने आमचा साखरेचा खर्च दुप्पट केला आहे, कारण आलेलं गिऱ्हाईक चहा घेतल्याशिवाय घराला नावं ठेवत नाही.

गोंधळ पत्त्यापासूनच सुरू झाला. नागपूरहून हायवेनं भंडाऱ्याकडे निघालं की भंडारा यायच्या आधी जवाहरनगर लागतं. जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणी, म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी, म्हणजे आमच्याकडच्या कुणाच्याही तोंडी नुसती 'फॅक्टरी'. तोफगोळ्याला रेटा देणारी दारू इथे तयार होते. आत फॅक्टरीची इस्टेट, इस्टेटीत क्वार्टर, आणि बाहेर हायवेला लागून ठाणा नावाचं गाव. तिथल्या वस्तीला सगळे 'पेट्रोल पंप' म्हणतात. 'राहता कुठे?' असं विचारलं तर इथली चांगली नोकरीपेशा, मुलाबाळांची माणसं न लाजता सांगतात, 'पेट्रोल पंपावर.'

तर भाच्यानं मोबाईलवर जाहिरात टाकली. 'ठाणा, पेट्रोल पंपाजवळ, दुमजली स्वतंत्र घर, प्लॉट १५०० चौरस फूट, दोन स्वयंपाकघरं, बोअर.' खाली किंमत. संध्याकाळपर्यंत सतरा फोन आले आणि सगळे मुंबईचे. किंमत वाचून त्यांना वाटलं, एक शून्य टाकायचं राहिलं आहे आणि ते कुणाच्या लक्षात यायच्या आत टोकन देऊन टाकावं.

"घोडबंदर रोडला आहे का?"

"नाही, जवाहरनगरला."

"म्हणजे गोरेगावचं जवाहरनगर?"

"भंडाऱ्याचं."

पलीकडे जरा शांतता. मग मुंबईच्या माणसाचा शेवटचा, आशा न सोडणारा प्रश्न. "स्टेशनपासून चालत किती?"

आता भंडाऱ्याचं स्टेशन भंडाऱ्यात नाही. भंडारा रोड नावाचं जे स्टेशन आहे ते वरठीला आहे. शहरालाच जिथे स्टेशन चालत गाठता येत नाही, तिथे आमचं घर काय करणार? दुसऱ्या दिवशी जाहिरातीत दुरुस्ती केली, 'ठाणा (ठाणे नव्हे)'. फोन सतरावरून शून्यावर आले.

घराची कुळकथा अशी. बाबा पवनीकडचे, दादा बंगालचे, दोघे फॅक्टरीत एकाच सेक्शनला. क्वार्टर दोघांनाही होतं, पण क्वार्टर म्हणजे रिटायर व्हायच्या वेळी हारतुरे घेऊन चावी परत करायची जागा. १९९४ मध्ये पेट्रोल पंपाजवळ लेआऊट पडला. तीस बाय पन्नासचा प्लॉट एकट्याच्या पगारात बसेना, म्हणून दोघांनी मिळून घेतला आणि मजले चिठ्ठ्या टाकून वाटले. बाबांना खालचा निघाला, दादांना वरचा. तेव्हापासून दोघांचीही खात्री आहे की समोरच्याला चांगला मजला मिळाला. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला, स्लॅब तव्यासारखा तापला की वरचे आमचा हेवा करतात. पावसाळ्यात भिंतींना ओल चढली की आम्ही त्यांचा. हिवाळ्यात दोन्ही घरं गच्चीवर ऊन खात बसतात आणि चिठ्ठ्या कुणी टाकल्या होत्या यावर चर्चा करतात.

बाबा त्यांना 'दादा' म्हणत, कारण बंगालीत मोठ्या भावाला दादा म्हणतात. ते बाबांना 'भाऊ' म्हणत, कारण इकडे तशी रीत. दोघंही एकमेकांना थोरला मानत असल्यामुळे धाकटेपणाची कामं करायला घरात कुणीच उरलं नाही. विजेचं बिल भरायची शेवटची तारीख आली की खालून आवाज जाई, "दादा, तुम्ही म्हणाल तसं." वरून उत्तर येई, "ना ना भाऊ, तुम्ही बोलेल तोशा." या सौजन्यात दोनदा लाईन कापली गेली.

भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. त्याचं जुनं नाव रतनपूरच्या शिलालेखात 'भानारा' असं आहे म्हणतात. विद्वान काहीही म्हणोत, आमच्या गल्लीपुरता भंडारा आणि भांडण यांचा धातू एकच. भांड्याला भांडं लागायचंच, आणि आमच्या घरातलं भांडं म्हणजे मोटर. बोअर एक, मोटर एक, टाक्या दोन. स्टार्टरची पेटी जिन्याखाली. दोघांनाही फॅक्टरीचा भोंगा होण्याआधी गेटवर पोचायचं, म्हणजे आंघोळीची वेळ एकच. सिमेंट कंपनीच्या कॅलेंडरमागे वेळापत्रक लिहिलं होतं, पाच ते साडेपाच खालचे, साडेपाच ते सहा वरचे. ते गीतेइतकंच पाळलं जाई, म्हणजे मान सगळे द्यायचे.

पहाटे जिन्यावरून हाक येई, "भाऊ, मोटोर बोंद कोरा!" दादा चाळीस वर्षं महाराष्ट्रात राहिले, पण त्यांच्या मराठीतला प्रत्येक 'अ' अजून गोल आहे. आईचं बंगालीही तेवढंच. बंगालीत पाणी पीत नाहीत, 'खातात', हे तिला काकीमांकडून, म्हणजे दादांच्या बायकोकडून कळलं, तेव्हा वरची टाकी इतकी लवकर का संपते याचा तिला उलगडा झाला.

मोटरच्या विजेच्या हिशेबाची एक वही आहे. दोनशे पानी, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर बाबांच्या अक्षरात 'पाणी'. गेल्या महिन्यात मी ती उघडली. डावीकडे खालच्यांची मोटर किती वेळा चालली, उजवीकडे वरच्यांची. मधेमधे शेरे. 'वरचा कॉक उघडा राहिला. भिंत ओली. बोललो नाही.' त्याच्या शेजारी दादांच्या अक्षरात, 'बोललेत.'

पहिल्या तीन वर्षांत मात्र उजवीकडचे आकडे फार मोठे दिसतात, कारण दादा आकडे बंगालीत लिहीत. आणि बंगालीतला चार हा हुबेहूब इंग्रजी आठसारखा दिसतो. दादा प्रामाणिकपणे चार लिहीत, बाबा प्रामाणिकपणे आठ वाचत, आणि महिनाअखेरीस आठचा हिशेब वर जाई. चार माणसं इतकं पाणी कशाला वापरतात याचं बाबांना नवल वाटे. वर दादांना नवल वाटे की मराठी माणसाचा चार इतका महाग कसा. पण भाऊला विचारायचं कसं? म्हणून मुकाट्यानं भरत राहिले. तीन वर्षांनी त्यांची मुलगी आईकडून बंगाली आकडे शिकायला बसली, मी शेजारी बसून तिच्या पाटीवरच्या चारला आठ म्हणालो, आणि तिनं माझ्या डोक्यात पाटी घातली. तेव्हा कुठे भानगड उघड झाली.

बाबांना त्या रात्री झोप आली नाही. जास्तीचे पैसे परत द्यायला गेले तर दादा घेईनात. शेवटी बाबांनी त्या पैशांतून जिन्याला लोखंडी कठडा बसवून दिला. आज घर बघायला येणारा प्रत्येक जण तो कठडा हलवून बघतो. "मजबूत आहे," म्हणतो. असणारच. तीन वर्षांच्या चुकीच्या वाचनाचा आहे.

आता गल्ली. फॅक्टरीत देशभरातून माणसं आली, आणि रिटायर झाल्यावर निम्मी इथेच थांबली. आमच्या समोर मल्याळी सिस्टर, तिच्या पलीकडे तेलुगू घर, कोपऱ्यावर बिहारचे पांडेजी, त्यांच्या भिंतीला भिंत लागून दोन मुस्लिम भाऊ, मागच्या ओळीत बौद्ध, कुणबी, तेली, पोवार अशी आमची भंडाऱ्याची मंडळी. सगळ्यांची मिळून एक भाषा आहे. तिला हिंदी म्हणणाऱ्याला हिंदी येत नाही आणि मराठी म्हणणाऱ्याला मराठी. मल्याळी सिस्टर भाजीवाल्याला "केवढ्याले देऊन राह्यला भाऊ?" असं अस्सल विचारते, आणि भाजीवाला तिला "मॅडम, ट्वेंटी" असं उत्तर देतो.

अशा वस्तीचं कौतुक फार होतं, खर्च कुणी सांगत नाही. आमच्याकडे पावतीपुस्तक बारा महिने फिरतं. १४ एप्रिलची वर्गणी, गणपतीची, विश्वकर्मा पूजेची, दुर्गापूजेची, छठची. ओणमला पावती नसते, पण सिस्टरकडून पायसम येतं आणि डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणजे ते आणखी महाग. ईदचा शिरखुर्मा, त्याच्या परतफेडीला दिवाळीचा चिवडा, चिवड्याच्या परतफेडीला पोंगल. बाबांनी एकदा हिशेब मांडला आणि आईला म्हणाले, "एकाच जातीच्या गल्लीत राह्यलो असतो तर आतापर्यंत स्कूटर झाली असती."

घर बघायला पहिला आला तो वास्तुवाल्याला घेऊन. त्यानं मोबाईलवर होकायंत्र लावलं, अंगणात स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि वर जाऊन आल्यावर गंभीर झाला. वरचं स्वयंपाकघर नेमकं खालच्या देवघरावर येतं.

"वर मासे होतात?"

"बंगाली आहेत," मी म्हटलं. "आणि हा तळ्यांचा जिल्हा आहे."

भंडाऱ्यात मालगुजारांनी बांधलेली तळी इतकी आहेत की सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. दादांनी बदलीचा अर्ज कधी दिला नाही, त्याचं कारण देशसेवा की मामा तलावातली मरळ, हे बाबांनाही सांगता येत नाही.

"म्हणजे इतकी वर्षं देवाच्या डोक्यावर मासे शिजले," वास्तुवाला म्हणाला. "मोठा दोष आहे."

आई आतून चहा घेऊन आली. "देवानं तक्रार नाही केली जी," ती म्हणाली. "रविवारी वास नाही आला तर आम्हीच वर विचारतो, बरं नाही का म्हणून."

दुसरं गिऱ्हाईक कागदपत्रांचं होतं. त्याला ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवला तर तो हसला. त्याचं हसणं बरोबर होतं. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे, आणि हे आपल्याकडे घर बांधून, रंगवून, वास्तुशांत करून झाल्यावर कळतं. मग एन. ए. आदेश काढला, सातबारा काढला. सातबारावर बाबांचं आणि दादांचं नाव एकाखाली एक, हिस्सा न पाडता. "यातला तुमचा भाग कोणता?" त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "खालचा." जमिनीच्या कागदावर खाली-वर नसतं हे त्याला बाबांना समजावता आलं नाही. जाताना हिशेब करून गेला, रजिस्ट्री बायकोच्या नावानं केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, २०२१ पासून आहे. त्या दिवशी आपल्या बायकोकडे त्यानं इतक्या आदरानं पाहिलं की ती दचकली.

तिसरा आला तो शेजाराचा. घर त्याला पसंत होतं. बोअरला पाणी किती फुटावर, हेही नीट विचारलं. मग खुर्ची जरा पुढे ओढली.

"काकाजी, शेजार कसा आहे?"

"चांगला."

"तसं नाही. म्हणजे... इथं आपले लोक किती?"

आपल्याकडे शेजार चांगला आहे का, असं विचारणाऱ्याला शेजार आपला आहे का, हे विचारायचं असतं. आडनाव काय, पाहुणे कुठले, मटण कोणत्या वारी, असे त्याचे अनेक पोटप्रश्न असतात. मी आता काय होतंय म्हणून बघत राहिलो. पण बाबांनी प्रश्न अगदी मनावर घेतला. डोळे मिटून, बोटं मोजत त्यांनी सगळी गल्ली फिरून काढली.

"आपले चार," ते म्हणाले. "मेंटेनन्सचे तीन. बाकी अकौंट्सचे. त्यांच्यापासून जरा सांभाळून राहा बाप्पा, ओव्हरटाईमचं बिल अडवतात."

चाळीस वर्षं फॅक्टरीत काढलेल्या माणसाला 'आपले' म्हणजे आपल्या सेक्शनचे एवढंच माहीत. गिऱ्हाईक गोंधळून उठलं. अकौंट्सवाले कोणत्या जातीत येतात हे ते बहुधा अजून शोधत असेल.

चौथ्यानं किंमत पाडायला वेगळा मुद्दा काढला. फॅक्टरी इतकी जवळ, त्यात तो स्फोट झाला, तेव्हा भावात काही कमीजास्त करा. २४ जानेवारी २०२५ ला सकाळी फॅक्टरीत स्फोट झाला आणि कामावर गेलेली आठ माणसं त्या दिवशी घरी परतली नाहीत. बाबा काही बोलले नाहीत. उठले, त्या माणसाला फाटकापर्यंत पोचवून आले आणि फाटकाला कडी घातली. वरून दादांनी विचारलं, "काय झाला भाऊ?" बाबा म्हणाले, "काही नाही. त्याले घर नाही दाखवाचं."

दलाल आता कंटाळला आहे. "भाऊ, घर मस्त आहे," तो म्हणतो, "पण दोन फॅमिलीचं आहे नं, म्हणून अडकून राह्यलं. आजकाल लोकाईले असं घर नाही पायजे. एक मजला काहून नाही विकत?"

एक मजला विकून चालत नाही, कारण निघायचं दोघांनाही आहे. बाबांचे गुडघे गेले, मी नागपूरला असतो, तिकडे लिफ्ट आहे. दादांची मुलगी हैदराबादला. तीच, पाटीवाली. कोलकात्याला परत का नाही जात, असं मी काकीमांना विचारलं. म्हणाल्या, "तिथे कोण ओळखतं? तिथे आमाला 'महाराष्ट्राचे' बोलतात." इथे 'बंगाली', तिथे 'महाराष्ट्राचे'. त्यांचा खरा पत्ता एकच राहिला आहे, पेट्रोल पंप.

गेल्या रविवारी मात्र गिऱ्हाईक ठरलंच असं वाटलं. मोहाडीकडचे दोन सख्खे भाऊ, दोघांच्या बायका, चार मुलं. दोघांनाही घर हवं, दोन मजले, दोन स्वयंपाकघरं, हवं तसं. किंमत ऐकून कुणी भुवई उचलली नाही. आईनं चहात साखर मनापासून घातली. काकीमांनी वरून संदेश पाठवला, खायचा. बाबांनी तर आनंदानं वहीसुद्धा आणून दाखवली, मोटरची पद्धत कशी, वेळापत्रक कसं.

थोरल्यानं वही उघडली नाही. "जिना बाहेरून वेगळा काढता येईल का?" त्यानं विचारलं.

"येईल," बाबा म्हणाले.

"आणि बोअर?" धाकट्यानं भिंतीकडे बघत विचारलं. "दुसरा मारता येईल? मोटर वेगळी लागेल. मीटर वेगळं. अंगणातून मधे भिंत."

"पण तुम्ही तर सख्खे भाऊ," आई म्हणाली.

"म्हणूनच," दोघं एकदम म्हणाले. एकमेकांशी नाही, आईशी. ते आल्यापासून एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. दोन बोअर, दोन जिने आणि एक भिंत यांचा खर्च त्यांनी किमतीतून वजा करायला सांगितला. बाबांनी वही काखेत घेतली आणि व्यवहार तिथेच थांबला.

रात्री जिन्याच्या पायरीवर दोघं म्हातारे बसले होते, कठड्याला टेकून. "भाऊ," दादा म्हणाले, "सोख्खे असता तर आपलाबी नाय जमला असता."

तर घर अजून विकणे आहे. प्लॉट तीस बाय पन्नास, कागद स्वच्छ, बोअरला बारमाही पाणी, मोटर एक. घ्यायचं तर दोन घरांनी मिळून यावं, आणि शक्यतो सख्ख्यांनी येऊ नये. हिशेबाची वही घरासोबत फुकट मिळेल, निम्मी पानं अजून कोरी आहेत. बंगाली चार कसा वाचायचा ते बाबा समजावून सांगतील. पत्ता ठाणा, पेट्रोल पंप, जवाहरनगर, जिल्हा भंडारा. ठाणे नव्हे.